कोष्टक, प्रश्नपत्रिका आणि रुग्णशय्या : परिचर्याशिक्षणातील क्षमता-मूल्यमापनाचा इतिहास (जयपूरच्या विशेष संदर्भात)

१. प्रास्ताविक

परिचारिकेच्या हाती किती कौशल्य आहे हे कोणी ठरवावे, कोठे ठरवावे आणि कोणत्या भाषेत नोंदवावे, हे प्रश्न वरवर पाहता वैद्यकीय शिक्षणशास्त्राच्या कक्षेतले आहेत. साहित्याच्या अभ्यासकाचा त्यांच्याशी संबंध काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तथापि मूल्यमापन ही एक लेखनक्रियाही असते. रुग्णशय्येपाशी जे घडते ते क्षणात घडून जाते. त्याची परीक्षा व्हायची तर ते आधी कागदावर उतरावे लागते. गुणावगुणांचे कोष्टक, लेखी प्रश्नपत्रिका, पायऱ्यांची पडताळासूची आणि स्वाक्षऱ्यांची नोंदवही हे या उतरवण्याचे चार प्रमुख लेखनप्रकार होत. प्रत्येक लेखनप्रकार परिचर्येचा काही भाग दृश्य करतो आणि काही भाग दृष्टीआड ठेवतो. काय दिसले आणि काय निसटले, याचा इतिहास मांडणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या मांडणीसाठी जयपूर हे शहर उपयुक्त ठरते. मुंबई आणि पुणे येथे मूल्यमापनाचे प्रकार एकामागून एक, दीर्घ वादविवादांच्या ओघात रूढ झाले. जयपूर संस्थानात आधुनिक रुग्णालय एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात उभे राहिले, पण परिचर्याशिक्षणाचे प्रांतव्यापी नियमन तेथे स्वातंत्र्योत्तर काळातच आले. परिणामी अन्यत्र कालक्रमाने आलेले लेखनप्रकार येथे एकावर एक रचलेले दिसतात. आज जयपूरमधील परिचर्येच्या पदवीच्या विद्यार्थ्याला हे सर्व प्रकार एकाच सत्रात सामोरे येतात. त्यांतील परस्परविरोध तेथे विशेष स्पष्टपणे वाचता येतो.

२. 'उपस्थाता' आणि 'शुश्रूषा'

भारतीय परंपरेत परिचारकाच्या गुणांची चर्चा प्राचीन आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, उपस्थाता म्हणजे परिचारक, आणि रुग्ण. त्यांपैकी परिचारकाच्या ठायी चार गुण अपेक्षिलेले आहेत : उपचाराचे ज्ञान, हाताची दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता. ही गुणसूची आहे, परीक्षापद्धती नव्हे, हा भेद लक्षात ठेवला पाहिजे. हे गुण कोणी व कसे तपासावेत याविषयी तेथे विधान नाही. मात्र या सूचीतील एक ताण पुढील सर्व इतिहासात टिकून राहिला. ज्ञान विचारून कळते, दक्षता पाहून कळते, शुचिताही पाहता येते. अनुराग कसा मोजायचा, हा प्रश्न उरतो. बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १९५६ पासून शैक्षणिक उद्दिष्टांची जी विभागणी रूढ केली, तिच्यातील ज्ञानात्मक, क्रियात्मक आणि भावात्मक या तीन क्षेत्रांपैकी तिसऱ्याविषयी परीक्षकांची अडचण हीच आहे.

मराठीत रुग्णसेवेसाठी रूढ असलेला 'शुश्रूषा' हा शब्दही या संदर्भात बोलका आहे. 'श्रु' या धातूच्या इच्छादर्शक रूपापासून तो सिद्ध होतो. त्याचा मूलार्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. गुरूचे ऐकणे, आज्ञेत राहणे, सेवा करणे असा अर्थविस्तार होत तो रुग्णाच्या सेवेपर्यंत आला. ऐकणे हा या कर्माचा गाभा असल्याचे भाषेने जपून ठेवले, परंतु परीक्षेच्या कागदांनी ऐकण्याला स्वतंत्र रकाना क्वचितच दिला.

३. नाइटिंगेल यांचे कोष्टक

आधुनिक परिचर्याशिक्षणाचा आरंभ सामान्यतः १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सुरू झालेल्या नाइटिंगेल प्रशिक्षणशाळेपासून धरला जातो. तेथील मूल्यमापनाचे मुख्य साधन लेखी परीक्षा नव्हते. मेट्रन श्रीमती वॉर्डरोपर प्रत्येक उमेदवार परिचारिकेविषयी दरमहा एक छापील पत्रक भरीत. पत्रकाचे दोन भाग होते. पहिल्यात आचरण : वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, नीटनेटकेपणा, कक्षाची व्यवस्था. दुसऱ्यात कर्म : जखमेची मलमपट्टी, जळवा लावणे, एनिमा देणे, असहाय रुग्णाची हालचाल, बिछाना घालणे, रुग्णाचा स्वयंपाक, भांड्यांची स्वच्छता, आणि शेवटी रुग्णाचे निरीक्षण. प्रत्येक बाबीपुढे उत्तम, चांगले, मध्यम, सदोष किंवा शून्य असा शेरा पडे.

या कोष्टकाची दोन वैशिष्ट्ये ध्यानात घेण्याजोगी आहेत. पहिले असे की, मूल्यमापन करणारी व्यक्ती उमेदवाराला रोज पाहत असे. निर्णय एका दिवसाच्या कामगिरीवर नव्हे, महिनोन्‌महिन्यांच्या सहवासावर आधारलेला होता. दुसरे असे की, आचरण आणि कर्म यांची वीण एकाच पानावर होती. बिछाना घालण्याचे कौशल्य आणि विश्वासूपणा यांची गणना शेजारी शेजारी होत असल्यामुळे मेट्रनच्या मर्जीला मोठा वाव राहत असे. वर्गभेदाने विभागलेल्या तत्कालीन इंग्लंडात या मर्जीचा भार कोणावर पडत असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

पुढे १८८७ मध्ये एथेल बेडफर्ड-फेन्विक यांच्या पुढाकाराने ब्रिटिश नर्सेस असोसिएशन स्थापन झाली आणि परिचारिकांची परीक्षाधिष्ठित नोंदणी व्हावी अशी मागणी पुढे आली. नाइटिंगेल यांनी तिला विरोध केला. परीक्षेने ज्ञान कळेल, शील व स्वभाव कळणार नाही. आणि एकदा नोंदलेले नाव परिचारिकेच्या आजच्या योग्यतेविषयी काहीच सांगणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. फेन्विक यांच्या बाजूने पाहता प्रश्न निराळा होता : एका रुग्णालयाच्या मेट्रनचा शेरा दुसऱ्या शहरातील रुग्णाला कोणती हमी देतो? इंग्लंडमध्ये या वादाचा निकाल १९१९ च्या नोंदणी कायद्याने लागला. वादाचा आशय मात्र तेथे संपला नाही. दीर्घ सहवासातून येणारी जाण आणि अपरिचिताने दिलेला निःपक्षपाती निर्णय यांतील निवड भारतातही वारंवार करावी लागली.

४. मुंबई आणि पुणे : सेवेकडून प्रमाणपत्राकडे

हिंदुस्थानातील रुग्णालयांसाठी परिचर्येची व्यवस्था कशी असावी, याविषयी नाइटिंगेल यांनी १८६५ साली सूचना लिहिल्या होत्या. मुंबई इलाख्याशी त्यांचा संबंध केवळ सरकारी अहवालांपुरता नव्हता. बेहरामजी मलबारी यांचे दयाराम गिदुमल यांनी लिहिलेले चरित्र १८९२ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले, त्याला नाइटिंगेल यांची प्रस्तावना आहे. याच मलबारी आणि गिदुमल यांनी १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन स्थापले. पुढच्या वर्षी पुण्यात रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या प्रयत्नांनी सेवासदनाचे काम सुरू झाले, आणि ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या स्त्रियांना संस्थेने वसतिगृहाचा आधार दिला.

परिचर्येच्या भारतीय पाठ्यपुस्तकांत बाई काशीबाई गणपत यांचे नाव १८९१ साली प्रशिक्षण घेणारी पहिली भारतीय परिचारिका म्हणून येते. ही नोंद एका ओळीची आहे. त्यांना काय शिकवले गेले, कोणी तपासले, त्या कशा उत्तीर्ण झाल्या, याविषयी ती ओळ मूक आहे. प्रमाणपत्राचा इतिहास नावे जपतो, पण ज्या प्रक्रियेतून ते नाव प्रमाणित झाले ती प्रक्रिया जपत नाही, याचे हे लक्षणीय उदाहरण होय.

रमाबाईंचे आत्मकथन १९१० साली प्रसिद्ध झाले. न्यायमूर्ती रानडे यांच्या अखेरच्या आजारपणातील त्यांची शुश्रूषा त्यात येते. तेथे शुश्रूषा हा पत्नीधर्माचा भाग आहे. तिला परीक्षक नाही, तिचे माप अंतःकरणातच आहे. त्याच रमाबाई त्याच काळात अनोळखी रुग्णांची, अन्य जातीधर्मांच्या पुरुषांची शुश्रूषा वेतनासाठी करणाऱ्या स्त्रिया घडवीत होत्या. घरातील शुश्रूषेला प्रमाणपत्र लागत नाही. अपरिचिताच्या शुश्रूषेला ते लागते. विधवा किंवा परित्यक्ता स्त्रीच्या दृष्टीने परीक्षेला बसणे म्हणजे आपल्या कामाची किंमत नातलगांच्या दयेबाहेर नेणे होते. या ठिकाणी फेन्विक यांच्या बाजूचे बळ दिसून येते. परीक्षा कोरडी असेल, पण जिला घरच्या माणसांनी नाकारले तिला ती एक निर्वैयक्तिक न्याय देऊ शकते. त्याच वेळी वसतिगृहाची शिस्त हे शीलाचे दुसरे, अलिखित कोष्टकच होते, असेही म्हणता येईल. रुग्णालय कौशल्य तपासत होते आणि समाज चारित्र्य तपासत होता.

संस्थात्मक पातळीवर १९०९ साली बॉम्बे प्रेसिडेन्सी नर्सिंग असोसिएशन स्थापन झाली. मिशन रुग्णालयांची परीक्षा मंडळेही याच सुमारास आकाराला आली. १९३५ च्या मुंबई कायद्याने परिचारिका, सुईणी आणि आरोग्य पर्यवेक्षिका यांची नोंदणी सुरू केली. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद अधिनियमाने देशभर समान मानके ठरवण्याची तरतूद केली. पदवीशिक्षणाचा आरंभ दिल्ली व वेल्लोर येथे १९४६ मध्ये झाला होता. अशा रीतीने चार दशकांत मेट्रनच्या शेऱ्याचे स्थान परीक्षा मंडळाच्या गुणपत्रिकेने घेतले.

५. जयपूर : थरांचे शहर

महाराजा सवाई रामसिंह यांच्या कारकिर्दीत मेयो रुग्णालय उभारले गेले. सवाई मानसिंह यांच्या नावाचे रुग्णालय विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात, आणि त्याला संलग्न वैद्यकीय महाविद्यालय १९४७ मध्ये आले. राजस्थानने परिचारिकांच्या नोंदणीचा स्वतःचा कायदा १९६४ मध्ये केला; महाराष्ट्राचा कायदा १९६६ चा आहे. आरोग्यविज्ञान विद्यापीठ स्थापण्याचा कायदा महाराष्ट्रात १९९८ मध्ये, तर राजस्थानात २००५ मध्ये झाला. या तारखा शेजारी ठेवल्या असता असे दिसते की, नियमनाच्या बाबतीत जयपूर फार मागे नव्हते. परंतु मुंबई-पुण्यात नियमनापूर्वी जो अर्धशतकाचा सार्वजनिक वाद झाला, तो येथे झाला नाही. मानके बाहेरून, तयार स्वरूपात आली.

या मानकांनी प्रात्यक्षिक परीक्षेला जे रूप दिले ते परिचित आहे. अंतर्गत व बाह्य असे दोन परीक्षक संयुक्तपणे परीक्षा घेतात. ती संबंधित रुग्णकक्षातच व्हावी असा दंडक आहे. परीक्षार्थीला एक रुग्ण नेमून दिला जातो. तो रुग्णाची माहिती घेतो, परिचर्या-आराखडा लिहितो, एखादी कृती करून दाखवतो आणि तोंडी परीक्षेला सामोरा जातो. कृतीपूर्वी साहित्याचा ट्रे मांडावा लागतो. ट्रेमधील प्रत्येक वस्तू आणि तिचे प्रयोजन सांगणे हा तोंडी परीक्षेचा ठरलेला भाग आहे. वही पाठ असलेल्या विद्यार्थ्याला चिमट्याचे प्रयोजन सांगणे सोपे जाते. तोच चिमटा निर्जंतुक क्षेत्राला स्पर्श न करता उचलणे हे निराळे कौशल्य आहे. एका दिवशी अनेक परीक्षार्थी तपासायचे असल्यामुळे पहिले दुसऱ्याची जागा घेते. रुग्णकक्षात भरलेली परीक्षा या क्रमाने पुन्हा पाठांतराची परीक्षा होते.

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून परिचर्येच्या खासगी महाविद्यालयांची संख्या देशभर वाढली, आणि राजस्थान त्याला अपवाद नव्हते. विद्यार्थी अधिक आणि शय्या तेवढ्याच, अशी स्थिती जेथे निर्माण होते तेथे प्रत्येकाच्या वाट्याला येणाऱ्या प्रत्यक्ष कृती घटतात. जयपूरच्या संदर्भात आणखी एक बाब विचारात घ्यावी लागते. राजस्थानात या शिक्षणाकडे वळणाऱ्या पुरुषांचे प्रमाण लक्षणीय आहे. नाइटिंगेल यांच्या पत्रकाने जिच्या शीलाची गणना केली ती उमेदवार स्त्रीच होती. 'सिस्टर', 'मेट्रन' ही पदनामेही तिच्यासाठीच घडली. पुरुष विद्यार्थ्याला ही भाषा लागू करताना आचरणाचे निकष आपोआप अपुरे ठरतात, आणि त्यांमागे दडलेली स्त्रीविषयक गृहीतके उघडी पडतात.

६. पडताळासूची आणि नोंदवही

पाठांतर आणि परीक्षकाची मर्जी या दोन्हींवर उपाय म्हणून डंडी येथील रोनाल्ड हार्डेन आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली वस्तुनिष्ठ संरचित परीक्षा मांडली. तिला 'ऑस्की' या नावाने ओळखले जाते. परीक्षार्थी ठरावीक वेळेने एका स्थानकावरून दुसऱ्या स्थानकावर जातो. प्रत्येक स्थानकावर एक मर्यादित काम असते आणि परीक्षकाच्या हाती पायऱ्यांची सूची असते. स्नायूत इंजेक्शन देण्याचे उदाहरण घेता येईल : हात धुतले काय, रुग्णाची ओळख पडताळली काय, औषधाचे नाव व मात्रा तपासली काय, जागा बरोबर निवडली काय, सुईला पुन्हा टोपण न लावता तिची विल्हेवाट केली काय, नोंद केली काय. प्रत्येक पायरीपुढे खूण होते. सर्वांना समान काम, समान वेळ आणि समान निकष मिळतात. मर्जीचा वाव घटतो, आणि टोपण लावण्यासारखी चूक, जी तोंडी परीक्षेत कधीच दिसत नाही, ती येथे दिसते. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ मध्ये राजपत्रित झालेल्या पदवी अभ्यासक्रमात सत्रपद्धतीसोबत या परीक्षेलाही स्थान मिळाले. १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा अधिनियम संमत केला, तेव्हा क्षमताधिष्ठित शिक्षण ही संकल्पना धोरणाच्या भाषेत रुळलेली होती.

या पद्धतीची मर्यादा तिच्या गुणातूनच येते. ती कर्माचे तुकडे करते. खऱ्या कक्षात इंजेक्शन देत असताना शेजारच्या शय्येवरील वृद्धाचा श्वास बदलतो, नातलग प्रश्न विचारतो, सलाइन संपत आलेले असते. कोणत्या कामाला आधी हात घालावा हा विवेक एकाही स्थानकावर मावत नाही. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नवशिक्यापासून निष्णातापर्यंतचा परिचारिकेचा प्रवास मांडताना दाखवले की, नवशिकी नियमाने चालते आणि निष्णात परिचारिका परिस्थिती समग्रपणे ओळखते. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये क्षमतेच्या चार पायऱ्या सांगितल्या : माहीत असणे, कसे करावे हे माहीत असणे, करून दाखवणे आणि प्रत्यक्ष करणे. पडताळासूची तिसऱ्या पायरीपर्यंत नेते. चौथीसाठी पुन्हा दीर्घ सहवासच लागतो.

ती उणीव भरून काढण्याचे काम नोंदवहीकडे आले. विद्यार्थ्याने कोणती कृती किती वेळा पाहिली, साहाय्याने केली, स्वतंत्रपणे केली याची त्यात नोंद होते आणि पर्यवेक्षक स्वाक्षरी करतो. पदवीपूर्वी प्रत्येक प्रात्यक्षिक क्षेत्रात शंभर टक्के उपस्थिती हवी, हा नियमही त्याच हेतूचा आहे. रचनेच्या दृष्टीने ही नोंदवही नाइटिंगेल यांच्या मासिक पत्रकाची वंशज आहे. फरक असा की, पत्रकात मेट्रन उमेदवाराविषयी लिहीत असे, नोंदवहीत विद्यार्थी स्वतःविषयी लिहितो आणि वरिष्ठ ते प्रमाणित करतो. पर्यवेक्षक खरोखर शेजारी उभा असेल तर ही वही सर्वांत विश्वसनीय साधन ठरते. तो नसेल आणि सत्राच्या अखेरीस एकाच बैठकीत सर्व पाने स्वाक्षरित होत असतील, तर तीच वही सर्वांत रिकामे साधन ठरते. दोन्ही वह्या दिसायला सारख्याच असतात. चुकीचा परिणाम मात्र पुढे एखाद्या रुग्णाच्या शरीरावर होतो.

७. रुग्णाची भाषा

या चारही लेखनप्रकारांना समान असलेली एक अनुपस्थिती तौलनिक अभ्यासकाच्या विशेष लक्षात येईल. पदवी अभ्यासक्रमाचे माध्यम इंग्रजी आहे. संवादात्मक इंग्रजी हा पहिल्या सत्रातील स्वतंत्र विषय आहे. जयपूरच्या शासकीय रुग्णालयात येणारा ग्रामीण रुग्ण ढूंढाडी किंवा राजस्थानीची अन्य बोली बोलतो. 'रुग्णाला कृती समजावून सांगितली' अशी पायरी सूचीत असते. ती कोणत्या भाषेत सांगितली आणि रुग्णाला कितपत कळली, याला रकाना नसतो. सरावाच्या प्रतिकृतीला तर भाषाच नसते.

ही उणीव किती गंभीर आहे हे मराठीच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. वेदनेसाठी मराठीत ठणका, कळ, चमक, सणक, मुरडा, जळजळ असे शब्द आहेत. ठणका नाडीच्या ठोक्यासारखा राहून राहून उठतो. चमक क्षणात येऊन जाते. मुरडा पोटाचाच असतो. शून्य ते दहा या मापावर हे सर्व एकाच अंकात मावतात आणि त्यांतील निदानोपयोगी भेद पुसला जातो. जयपूरच्या हिंदीत 'जी घबराना' असे म्हणणाऱ्या रुग्णाला मळमळ, धडधड किंवा भीती यांपैकी काहीही म्हणायचे असू शकते. मराठीतील 'जीव घाबराघुबरा होणे' या प्रयोगाचा आवाकाही तसाच आहे. यातील नेमका अर्थ ओळखून तो आराखड्यात इंग्रजीत लिहिणे हे अनुवादाचे काम आहे. विद्यार्थी ते रोज करतो, परंतु त्याच्या गुणपत्रिकेत त्याचा उल्लेख नसतो. मुंबईच्या रुग्णालयांत दीर्घकाळ सेवा केलेल्या केरळीय परिचारिकांनी मराठी अशीच कक्षात राहून आत्मसात केली, आणि तीही क्षमता कोणत्याच परीक्षेने नोंदवली नाही. शुश्रूषेचा मूलार्थ ऐकण्याची इच्छा असेल, तर ज्या भाषेत ऐकायचे ती परीक्षेबाहेर ठेवणे ही मूल्यमापनातील मध्यवर्ती त्रुटी मानावी लागेल.

८. समारोप

वरील विवेचनातून असे दिसते की, परिचर्येच्या मूल्यमापनाचा इतिहास अपूर्णतेकडून पूर्णतेकडे जाणाऱ्या सरळ रेषेत मांडता येत नाही. मेट्रनच्या कोष्टकात सहवास होता, न्यायाची हमी नव्हती. परीक्षा मंडळाने निर्वैयक्तिक न्याय दिला, आणि पुण्यातील एखाद्या विधवेसाठी त्याचे मोल फार मोठे होते. पण हात दृष्टीआड गेला. पडताळासूचीने हात पुन्हा दृश्य केला, आणि विवेकाला बाहेर ठेवले. नोंदवहीने सहवास परत आणण्याचे वचन दिले, जे पर्यवेक्षकाच्या उपस्थितीवर अवलंबून राहिले. म्हणून एका साधनाने दुसऱ्याला हटवण्यापेक्षा प्रत्येकाची मर्यादा दुसऱ्याने भरून काढावी, अशी रचना अधिक सयुक्तिक ठरते : कृतींसाठी स्थानके, विवेकासाठी कक्षातील दीर्घ निरीक्षण, आणि ऐकण्याच्या क्षमतेसाठी रुग्णाच्या बोलीत झालेल्या संभाषणाचे मूल्यमापन. पहिल्या दोहोंची तरतूद नियमांत आहे, जरी शय्यांची आणि शिक्षकांची संख्या दुसरीला वारंवार अपुरी पडते. तिसरीसाठी परिचर्याशास्त्राला भाषाभ्यासकांची मदत घ्यावी लागेल. ढूंढाडीतील आणि मराठीच्या विविध बोलींतील वेदनावाचक शब्दांचे कोश तयार करणे, रुग्णसंवादाचे नमुने संकलित करणे आणि त्यांवर आधारित परीक्षास्थानके सिद्ध करणे, हे काम दोन्ही विद्याशाखांनी एकत्र येऊन करण्याजोगे आहे.